पेटीत डिस्क नव्हती, म्हणून मला मारलं

मंडळी, ओठाला टाका पडलाय. बोलता येत न्हाई, म्हणून लिहून राहिलो.

लातूरला एका क्लासची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. आमच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क नसतेच. चालू केलं की मशीन नेटवर्कवर सर्व्हरला हाक मारतं आणि तिथून सगळं घेतं. आज वरच्या मजल्यावर सराव परीक्षा होती, म्हणून मशीन तिथं नेली. तिथलं नेटवर्क नवं, खालच्या सर्व्हरच्या नेटवर्कपेक्षा वेगळं. हाक दोन्ही नेटवर्क जोडणाऱ्या राउटरपाशीच अडली आणि सगळे स्क्रीन काळे. बाहेर थांबलेले पालक आत घुसले.

निलंग्याहून आलेल्या एका पोरीच्या बापानं मशीनला लाथ घातली. पेटीचं झाकण उडालं.

"आत डिस्कच न्हाई! चोरली रे यानं!"

मग पालक तुटूनच पडले. कॉलर फाटली, चष्म्याचा चुरा झाला, कीबोर्ड तोंडावर बसला. "अहो, ती नसतेच!" मी ओरडून राहिलो, पण ऐकतंय कोण?

शिपायानं कसंबसं सोडवलं. रक्त पुसत मी राउटरमध्ये हाक पुढं पाठवायची सेटिंग टाकली. सगळे स्क्रीन उजळले.

वाटलं, आता तरी माफी मागतील. तो बाप बाकीच्यांना म्हणला, "बघा, चार ठेवून दिल्या की कसं चालू झालं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता तुम्हीच सांगा, पुढच्या वेळी मशीन अडलं तर हे आधी कुणाला हात लावतील?