हिऱ्याच्या अंगावरची जाहिरात

राजूरकडच्या गावांत कडूबा पेंटरच्या हाताखाली मी पंधरा वर्षं भिंती घासल्या. आधी तारेच्या ब्रशने जुना चुना काढायचा, मग नव्याचे दोन हात. एका हातात भागतं म्हणणारा गडी कडूबाकडे टिकला नाही. अक्षरं त्याची, भिंत माझी.

अठ्ठ्याऐंशी साली जनावरांच्या दवाखान्याने काम दिलं. 'मुक्या जनावरांवर दया करा' असं गावोगाव लिहायचं. कडूबाला ते वेगळ्याच कारणासाठी हवं होतं. शेती सोडताना त्याने आपला हिऱ्या बैल मेव्हण्याला, रखमाजीला, दिला होता. रखमाजी पराणीने बैल हाकायचा. म्हणजे काठीच्या टोकाला खिळा. हिऱ्याच्या पुठ्ठ्यावरच्या जखमा भरत नव्हत्या. तोंडावर बोलायची सोय नव्हती. कडूबाची बायको उषाबाई माहेरच्या माणसाबद्दल एक शब्द ऐकून घेत नसे.

म्हणून पहिली भिंत रखमाजीच्या वाटेवरची धरली. रखमाजीने गाडी थांबवून शेवटपर्यंत वाचलं. "दाजी, अक्षर लय झ्याक हाय," म्हणाला, आणि हिऱ्याला टोचून पुढे गेला.

दुसऱ्या भिंतीवर कडूबाने कायद्याची भीती घातली. लोक विचारू लागले, "फिर्याद द्यायला बैल भोकरदनच्या ठाण्यात येष्टीनं जाईन का पायी?"

तिसऱ्या भिंतीवर रडणारा बैल काढला. एका डोळ्यालाच अर्धा दिवस घातला. चौथ्या दिवशी गावातल्या तुळजाबाईने त्याला नंदी समजून हळदकुंकू लावलं. आठवड्यात नारळ फुटू लागले. मी घासून घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर तेलाचे ओघळ आले. रखमाजीही येता-जाता हात जोडायचा, पराणी काखेत धरून.

"आता?" मी विचारलं.

"भिंतीवर लिहून चुकलो," कडूबा म्हणाला. "बैलावर लिहू."

पोळ्याला रखमाजी आपणहून आला. बैलाच्या अंगावर मालकाचं नाव घालायची आमच्याकडे चालच आहे. "दाजी, हिऱ्यावर माझं नाव टाका. बराबर मोठं."

ऑइल पेंट कातडीला सोसत नाही. मी दोन तास डिंकात गेरू घोटला. कडूबाने हिऱ्याच्या पांढऱ्या अंगावर दोन्ही बाजूंनी लिहिलं:

रखमाजीचा हिऱ्या
मालक टोचत नाही
बैल थांबत नाही

"हे खालचं कशाला?" रखमाजीने विचारलं.

"गावात दुसऱ्या कुणाच्या बैलावर असं लिहिता येईन का?"

रखमाजीने विचार केला. "न्हाई."

"मंग?"

वेशीत सगळे बैल उभे राहिले तेव्हा गावच्या अप्पाराव पाटलांनी ते मोठ्याने वाचलं. "रखमाजी, हे खरंय का रे?"

सगळं गाव बघत होतं. रखमाजीने फेटा सावरला. "बिलकुल खरं."

चार दिवसांनी मी त्याच्या गाडीत बाजाराला निघालो होतो. ओढ्याच्या चढाला हिऱ्या थांबला. रखमाजीची पराणी वर गेली. बांधावरून अप्पाराव ओरडले, "रखमाजी! बैल थांबला, आता मालक टोचून राह्यला का काय?"

शेजारच्या शेतातल्या बायका खुरपणी सोडून उभ्या राहिल्या. रखमाजीने पराणी खाली घातली, गाडीतून उतरला आणि चाकाला खांदा लावला. मीही उतरलो. त्याला सांगितलं, नुसतं रेटू नको, आऱ्याला खांदा भिडव, जोर पायातून येऊ दे. दुसऱ्या झटक्याला गाडी निघाली. काम नीट झालं.

पावसाने गेरू आठ दिवसांत धुवून नेला. गावाला मात्र पाठ झालं होतं. पोरंसोरं गाडीमागे म्हणत पळायची. रखमाजीचा हात पराणीकडे गेला, की कुठून तरी कुणी तरी खोकायचं. शेवटी त्याने पकडीने खिळा उपटला. तेही रस्त्यात बसून, चार माणसं बघतील असं.

दिवाळीला उषाबाई भावाला ओवाळायला गेली. कडूबाबरोबर मीही होतो. गोठ्यात त्याने हिऱ्याच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. जखमांच्या जागी बारीक केस आले होते. मागे उभा राहून रखमाजी आम्हाला समजावत होता, की न टोचता बैल कसा हाकायचा, आवाज कसा द्यायचा, कासरा कुठे ढिला सोडायचा.

"समद्यांना जमत न्हाई, दाजी. तुमच्यानं तर झालंच नसतं."

"न्हाई बुवा," कडूबा म्हणाला. "पुन्हा सांगा बरं, आवाज कसा द्यायचा?"

रखमाजीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.