कुमारी हेमलता यांचा परिचय

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. शाळा कॉन्व्हेंटची, वडील गोदीत क्लार्क; भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कुणी शिकवलंच नाही. आजही ठेवते असं म्हणवत नाही. जे झालं ते फक्त लिहिते...

गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशनात मी काम करते. खाली छापखाना, वर आमची एक खोली. मालकांना सगळे नाना म्हणतात. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, दम्याचे. आमच्या सगळ्या प्रेमकथा तेच लिहायचे, 'कुमारी हेमलता' या नावाने. "पुरुषाने लिहिलेलं प्रेम बायका विकत घेत नाहीत," म्हणायचे.

पुस्तकामागे लेखिकेचा परिचय हवा, इंग्रजी पुस्तकांवर असतो तसा, ही कल्पना माझी. तो लिहिलाही मीच. हेमलताला पिवळी साडी आवडते, केसांत अबोलीची वेणी असते, ती खळखळून हसते आणि मनात येईल ते तोंडावर सांगते. माझ्यात जे नाही ते सगळं मी तिला देत होते — हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास दादरचं एक स्थळ माझ्यासाठी पक्कं होत आलं होतं. बघायला आले तेव्हा मुलाचे काका म्हणाले, "जरा हसून दाखव, दात बघू दे." मुलगा बशीतला चहा पीत राहिला. मला ते लग्न नको होतं. रोज आईला सांगायला स्वयंपाकघरात जायचे, आणि रोज पाणी पिऊन परत यायचे.

इकडे परिचय वाचून बायकांना हेमलता बघायची होती. काळाचौकीच्या एका चाळीतल्या सुशीलाबाई ऑफिसात निरोप ठेवून गेल्या — संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंना पाठवा, पुस्तकंही खपतील.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा. बोलायचं कमी, हसायचं जास्त."

"नाना, मला दोन्ही जमत नाही."

"मग नुसती बस. लेखिका गंभीर आहे म्हणतील."

हळदीकुंकवाच्या दिवशी नानांनी घरून एक पिवळी साडी आणली. पण ती पिशवीतच राहिली. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत म्हणून दुपारीच रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या, ट्राम-बस बंद, छापखान्याने फळ्या लावल्या. नाना आणि मी आत बसून राहिलो. काळाचौकी चुकली म्हणून मला सुटल्यासारखं वाटत होतं. जरा शांत झाल्यावर नाना म्हणाले, "चल, पोचवतो तुला." भायखळ्याच्या बाजूने, गल्ल्यागल्ल्यांतून चालत आम्ही माझगावला आलो. दिवेलागण झाली होती.

आईने दार उघडलं आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साडी कधी बदललीस गो?"

"कसली साडी?"

"ती पिवळी. आणि खाली कधी उतरलीस? मी तर इथेच बसलेय."

"आई, मी आत्ताच येतेय."

"पुरे चेष्टा. मघाशी आलीस, एवढं बोललीस, डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडलीस."

माझ्यामागून नाना हळूच म्हणाले, "वहिनी, ही सकाळपासून माझ्यासमोर आहे."

आईचा चेहरा उतरला. आमच्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक पडदा आहे. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो... तेवढ्यात पलीकडे खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली. बांगड्या वाजल्या.

मी बांगड्या घालत नाही.

शेवटी नानांनी छत्रीच्या टोकाने पडदा सारला. आत कुणी नव्हतं. खिडकीला गज आहेत, दुसरं दार नाही. उशीवर चुरगळलेली अबोली होती, शेजारी एक नवी लाकडी फणी. मी चादरीवर हात ठेवला. ऊब होती.

"एवढं काय बोलली ती?" मी विचारलं.

आई खाली बसली होती. "दादरला नाही म्हणून कळवा, म्हणालीस. काका दात बघतात आणि मुलगा गप्प बसतो, त्या घरात मी जाणार नाही, म्हणालीस. ह्यांनाही पटलं. आत्ता खाली शेजाऱ्यांकडे गेलेत, उद्या कळवणार आहेत." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ते... तुझं नव्हतं बोलणं?"

नाही म्हटलं असतं तर दादर पुन्हा उभं राहिलं असतं. मी म्हटलं, "माझंच."

हे बोलताना मला जी भीती वाटली, ती खाट करकरली तेव्हाही वाटली नव्हती.

शहर निवळल्यावर सुशीलाबाई ऑफिसात आल्या. मला बघताच हात धरला. "केवढ्या लांबून चालत आलात हो त्या दिवशी. आणि किती हसवलंत. फणी आवडली ना? आमचं वाण साधंच." मी नानांकडे बघितलं. नानांचा श्वास लागला होता. "पण झालं का हो त्या मुलीचं काम?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"कुठल्या मुलीचं?"

"अहो, तुम्हीच उठताना म्हणालात ना — माझगावला जायचंय, तिथे एक मुलगी आहे, तिला बोलता येत नाही."

त्यानंतर नानांनी ते नाव बंद केलं. दुकानदार अजून हेमलता मागतात. नाना विषय बदलतात. भास म्हणावा तर आई, नाना, सुशीलाबाई — सगळ्यांना कसा झाला? कुणी बाई सोंग घेऊन आली म्हणावं, तर गजांतून गेली कशी? दोन वर्षं होऊन गेली. मुंबईचा निकाल लागलेला नाही, तसा याचाही नाही.

दादरचं लग्न मोडलं, मी सुखात आहे. पण आई कधी भाजी निवडताना म्हणते, "त्या दिवशी कशी बोललीस गो... तशी पुन्हा नाही बोललीस." तिच्या आवाजात आठवण काढल्यासारखं काही असतं.

म्हणून हल्ली कामावरून आले की मी एकदम आत शिरत नाही. उंबऱ्याबाहेर चपला न काढताच विचारते, "आई, मी आलेय का?"

आई आधी पडद्यामागे बघून येते, आणि मगच उत्तर देते.