गाडीवाल्यांची हजेरी

मी आजवर जितके तक्रार-अर्ज लिहिले, त्या प्रत्येकाची सुरुवात एकाच रीतीने केली — आधी काळ, मग जबाबदार व्यक्ती, मग कलम. परभणीच्या कामगार कार्यालयात माझे अक्षर पाहताच शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या कपाळावर आठी उमटे, आणि मला त्याचा अभिमान होता. म्हणून हेही तसेच सुरू करतो.

काळ: आमच्या सूतगिरणीत ले-ऑफ लागला तो उन्हाळा. जबाबदार क्रमांक एक: गिरणीचे व्यवस्थापक, ज्यांनी पिंगळीकडच्या कामगारांची हजेरी नाकारली. क्रमांक दोन: संचालक मंडळ, ज्याने ते पाहून न पाहिल्यासारखे केले. क्रमांक तीन: कामगार कार्यालय, ज्याने माझ्या स्मरणपत्रांना उत्तर देण्याचेही सौजन्य दाखवले नाही.

या यादीत एक नाव कमी आहे. ते मी परवापर्यंत कोणालाच सांगितले नव्हते — संघटनेतल्या सोबत्यांना नाही, पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे; आणि सांगायला बसलो तेव्हापासून, खरे सांगू? छाती हलकी वाटते आहे.

पण आधी ले-ऑफ म्हणजे काय ते नीट मांडले पाहिजे. बाजारात सूत उठेनासे झाले, गोदाम भरले, आणि गिरणीने रिंग खात्याची, म्हणजे सूत कातणाऱ्या विभागाची, पहिली पाळी तात्पुरती बसवली. तात्पुरती — हा शब्द ध्यानात ठेवा. कामगाराला काढलेले नसते, काम नसल्यामुळे घरी बसवलेले असते. त्या दिवसांचा अर्धा पगार त्याला मिळतो. अट एकच: त्याने रोज, नेमून दिलेल्या वेळी, गेटवर येऊन हजेरी द्यायची. काम नाही, पण मी हजर आहे, एवढे सांगून परत जायचे. जो येत नाही त्याचा हक्क जातो.

मी देखभाल खात्यात फिटर होतो आणि संघटनेचा चिटणीस. कायद्याची पुस्तके घरी विकत आणून वाचणारा गिरणीतला एकटा माणूस. कामगार मला वकील म्हणत. काही आदराने, काही चेष्टेने. चेष्टा करणाऱ्यांत पहिला नंबर माणिकरावांचा. माणिकराव पिंगळीचे, रिंग खात्यातले. पूर्णेकडून येणाऱ्या पॅसेंजरने रोज परभणीला उतरणारे. त्यांच्या बरोबर त्या गाडीने येणारे आणखीही काही जण होते. त्यांना गिरणीत ‘गाडीवाले’ म्हणत. गाडी भोंग्याच्या आधी क्वचितच पोचे, आणि सकाळी तिच्या आधी दुसरी गाडी नव्हती. त्यामुळे जुनी रीत अशी होती की टाइम ऑफिसमधले सलीमभाई गाडीवाले येईपर्यंत हजेरीचे पुस्तक मिटत नसत, आणि तोवर त्यांच्या साच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, शेजारचा माणूस नजर ठेवी. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती. कोणाला तशी गरजही वाटली नव्हती.

ले-ऑफच्या आधी गेटबाहेर कामगारांची सभा झाली. प्रश्न साधा होता — बसायचे कोणी? मी उभा राहून ज्येष्ठतेचे तत्त्व मांडले. जे नंतर लागले ते आधी बसतील, आणि देखभाल खात्याला हात लावायचा नाही. माणिकरावांचे म्हणणे वेगळे होते. सर्व खात्यांनी पाळीपाळीने बसावे, म्हणजे कोणाची चूल पूर्ण थंड होणार नाही. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहून शांतपणे म्हटले, “कायदा लय चांगला हाय, वकील. नेमका तुमच्याच सोयीचा निघायलाय.”

सगळी सभा हसली. देखभाल खात्यातली माझीच माणसेही हसली.

मला राग आला तो ते खोटे बोलले म्हणून नव्हे. ज्येष्ठतेचा तो नियम कामगार कपातीचा होता, ले-ऑफला तो जसाच्या तसा लागू नव्हता, आणि हे त्या मैदानात फक्त मला ठाऊक होते. माणिकरावांनी पुस्तक न वाचता नेमके त्यावरच बोट ठेवले. मत मात्र शेवटी माझ्या बाजूने पडले. चिटणीसाच्या शब्दाला वजन असते. रिंग खात्याची पहिली पाळी सर्वांत नंतर भरलेली, म्हणून ती बसली. मी आत राहिलो.

आणि तरी ते हसू गेले नाही. तुम्ही कधी अनुभवले आहे का हे — की आपण जिंकलो आणि तरीही कोणाला तरी धडा शिकवायचा राहून गेला असे वाटते?

ले-ऑफच्या पहिल्याच सकाळी व्यवस्थापकांनी मला टाइम ऑफिसात बोलावले. सलीमभाई पुस्तक उघडून बसले होते. भोंगा होऊन गेला होता, गाडी यायची होती. व्यवस्थापकांनी विचारले की गाडीवाल्यांसाठी नेहमीप्रमाणे थांबावे ना? माणूस सरळ हेतूने विचारत होता. त्याला फक्त संघटनेचा होकार हवा होता.

मी — आता हे लिहितोच — मी म्हणालो की नेमलेली वेळ म्हणजे नेमलेली वेळ. आज काहींना सूट दिलीत, तर उद्या तक्रार होईल. आणि ती तक्रार मीच करीन.

माझ्या अर्जांना ते किती घाबरत, हे मला माहीत होते. त्यांनी सलीमभाईंना पुस्तक मिटायला सांगितले. सलीमभाई माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “वकीलसाब, गाडी तो आने दो.”  कायदा केवळ वेळ नेमून द्या म्हणतो. ती वेळ गाडीनंतरची नेमायला कोणाची मनाई नव्हती. हे मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचे काम होते.

गाडीवाले आले तेव्हा गेट बंद होते. दुसऱ्या दिवशीही. मी आत, गेटजवळच्या पंपावर काम करीत असे. जाळीतून सर्व दिसे. माणिकराव रोज येत. पहिल्या काही दिवसांत चौकीदाराशी वाद घालत, पुढे नुसते उभे राहत, मग परत स्टेशनकडे जात. ले-ऑफ उठला तेव्हा ज्यांची हजेरी नव्हती त्यांना कामावर घेतले नाही. कागदावर कारण आले की त्यांनी स्वेच्छेने काम सोडले.

ते सर्वजण कोणाकडे आले असतील? अर्थात माझ्याकडे. आणि मी कोणाविरुद्ध अर्ज लिहिला असेल? सुरेख अर्ज होता तो. एकेक शब्द तोलून लिहिलेला. तडजोडीच्या बैठकीत व्यवस्थापकांनी सर्वांसमोर सांगितले की हा आग्रह कामगारांच्या प्रतिनिधीचाच होता. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, हे धादांत खोटे आहे. बाहेर उभे असलेले कामगार खवळले, व्यवस्थापकांना पुढचे वाक्य पूर्ण करता आले नाही. सलीमभाई दाराशी होते. नोकरी करणारा माणूस बोलणार नाही, हे मी गृहीत धरले होते, आणि ते खरे ठरले.

त्या दिवसानंतर मी वर्षानुवर्षे लिहीत राहिलो. लोकांना वाटे, काय हा चिकाटीचा माणूस. मला मात्र थांबण्याचीच भीती होती — थांबलो तर कोणी तरी विचारेल, मग खरे काय घडले?

परवा पिंगळीला एका लग्नात माणिकराव भेटले. आता ते थकले आहेत. मुलाच्या किराणा दुकानात बसतात. त्यांनी माझा हात धरून मला आपल्या भावासमोर नेले आणि सांगितले की आमच्यासाठी लढला तो हा माणूस. भाऊ हसून म्हणाला, “लढून काय उपेग? आमचा दादा गेटापर्यंत जायचाच कंटाळा करायचा. कागदावर हाय तसं.” माणिकरावांनी मान खाली घातली.  तेव्हा मला कळले की घरच्यांनीही इतकी वर्षे त्या कागदावर विश्वास ठेवला होता, त्यांच्या शब्दावर नाही.

मांडवाच्या मागे, जिथे बायका भांडी घासत होत्या, तिथे मी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरे झाले असते. घासणाऱ्या बायकांकडे पाहत म्हणाले, “मंग इतकी वरसं अर्ज कुणाच्या नावानं करायलाव तुमी?”

 मी क्षमेचा शब्द काढला तसा त्यांनी हात आडवा केला.

“मला कशाला सांगायलाव? मी रोज येत होतो, मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना सांगा.”

एवढे बोलून ते पंगतीकडे गेले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो आणि — सांगायला लाज वाटते — मला चक्क भूक लागली होती. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी.

आयुष्यभर मी इतरांकडून जाहीर खुलासा मागत आलो. या वेळी तो माझ्यावर बंधनकारक आहे, म्हणून लेखी देतो. व्यवस्थापकांनी त्या बैठकीत सांगितले ते खरे होते. खोटे मी बोललो. गाडीवाल्यांपैकी कोणीही काम सोडलेले नव्हते. आणि माणिकरावांच्या भावाने, मुलांनी, ज्या कोणी तो कागद खरा मानला त्या प्रत्येकाने हे वाचावे: माणिकराव रोज येत होते. मी जाळीच्या आतून पाहत होतो.