खाला या शब्दाचा मालक

“मॅडम, दुकानवाले म्हणतात, नाव तुमचंच आहे याचा पुरावा आणा. आता अम्मी खाला हाय, याचा पुरावा कुठनं आणू?”

इरफान हसतच बोलत होता. त्याच्या हातात नुकतंच छापून आलेलं पाकीट होतं. त्यावर हिरव्या अक्षरांत ‘खालाच्या शेवया’, खाली तेच इंग्रजीत आणि कोपऱ्यात भोर, जिल्हा पुणे.

मी तेव्हा भोरमध्ये एका उद्योग मार्गदर्शन केंद्रात सल्लागार होते. लहान धंदा सुरू करणाऱ्यांना हिशेब, पॅकिंग, बाजाराची माहिती असं शिकवायचं, हे आमचं काम. मी मूळची राजगडाखालच्या पालीची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बी.कॉम. झाले, पण मॅनेजमेंटच्या कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती. पुढचं सगळं मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर शिकले. परदेशातल्या विद्यापीठांनी आपले धडे नेटवर फुकट ठेवले होते. बाजारभाव, जनगणना, सरकारी योजना, सगळं बघायला मिळायचं. वीज असेपर्यंत मी वाचत बसायचे. ज्यांनी हे सगळं मोफत ठेवलं, त्यांचे उपकार मी आजही मानते.

इरफान केंद्रातल्या माझ्याच वर्गात शिकला होता. त्याची आई मुमताजबी पाटावर शेवया वळायची आणि गच्चीत खाटेवर वाळवायची. गल्लीतली मुलं तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. मुलांचं ऐकून मोठी माणसं म्हणू लागली. पुढे सगळं गावच म्हणू लागलं. ईदचा शीरखुर्मा असो की लग्नातलं रुखवत, शेवया खालाच्याच लागायच्या. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं त्या घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा इरफाननं हायवेवरच्या कंपनीतली नोकरी सोडली. आता घर या शेवयांवरच चालणार होतं.

“नाव नेटवर तपासलंस ना?” मी विचारलं.

“तपासलं की. तुमीच दावलं होतं. कॅफेत जाऊन बघितलं. काय नाय आलं. मंग पाकिटं छापली.”

“काय टाइप केलंस?”

“खाला शेवया. पूर्ण.”

मी कॉम्प्युटर सुरू केला. ट्रेडमार्क म्हणजे मालाचं नोंदवलेलं नाव. नोंदलेली नावं सरकारच्या साइटवर कुणालाही फुकट शोधता येतात. त्यासाठी मालाचा वर्ग निवडावा लागतो. शेवया, पीठ, मसाले हे सगळे तिसाव्या वर्गात येतात. पण पूर्ण नाव टाकलं की साइट तेवढंच पूर्ण नाव शोधते. त्यामुळे त्यातला मुख्य शब्द तेवढा टाकायचा असतो. मी इंग्रजीत फक्त ‘खाला’ टाकलं.

एक ओळ आली. वर्ग तीस. माल, शेवया. स्थिती, रजिस्टर्ड.

अर्जदाराचं नाव पुण्याच्या एका व्यापाऱ्याचं होतं. इरफान खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आला आणि त्यानं ते नाव दोनदा वाचलं.

“ह्यो तर आपला शेठ हाय. अम्मीकडनं सुट्ट्या शेवया न्यायचा. टेम्पो घिऊन यायचा.”

आमचे केंद्रप्रमुख देशमाने साहेब मागे येऊन उभे राहिले. “हरकत घ्यायची मुदत?”

“संपली, सर.”

अर्ज आला की तो आधी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं ती काही महिन्यांत नोंदवायची. हे जर्नलही नेटवर फुकट असतं. मी जुने अंक शोधत गेले. एका अंकात शेठचा अर्ज सापडला. त्यावर एक छोटं चित्र होतं, डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि खाली ‘खाला’. ते पान सगळ्या देशासाठी उघडं होतं. भोरमध्ये ते कुणी उघडलं नव्हतं.

साहेबांनी तिथूनच शेठला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“नमस्कार शेठ, भोरहून बोलतोय. खालाच्या नावाचं जरा विचारायचं होतं.”

“बोला की. कशी आहे खाला? तब्येत बरी ना?”

“नाव तुम्ही नोंदवलंत.”

“हो, वकिलांनी केलं. माझे पण शेवयाचे मशीन आहेत आता. कस्टमर खालाच मागतो, मग मी काय करणार?”

“तिला विचारायचं तरी होतंत.”

“साहेब, खाला म्हणजे मावशी. मावशी काय एकट्या भोरलाच असते? त्यांनी पण करायची होती नोंदणी. कुणी अडवलं होतं का?” मग आवाज उतरवून म्हणाला, “खालाला सलाम सांगा माझा.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुण्याला वकिलांकडे गेलो. वकील सरळ माणूस होते. त्यांनी सांगितलं, “कायदा तुमच्या बाजूनं आहे. आधीपासून नाव वापरणाऱ्याला हक्क असतो. पण आधीपासून वापरता हे दाखवायला लागेल. जुनी बिलं, जाहिरात, बोर्ड, पाकीट, तारीख असलेलं काहीही.”

इरफाननं घर उलथंपालथं केलं. वजन करून कागदात बांधून दिलेल्या मालाला कसलं बिल! बचत गटाच्या प्रदर्शनातला एक फोटो सापडला, पण मागच्या फलकावर गटाचं नाव होतं. रेशनकार्डावर मुमताज. बँकेत मुमताज. लाइट बिल तर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. ‘खाला’ हा शब्द कुठेच लिहिलेला नव्हता. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

“गावातल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं चालतील का?” मी वकिलांना फोनवर विचारलं.

“देता येतील. पण केस मुंबईला चालेल, वर्षं लागतील. आणि तोवर दुकान माल ठेवणार नाही.”

संध्याकाळी आम्ही सगळे खालाच्या गच्चीत बसलो. ती शेवयांचे गुंते उचलून डब्यात भरत होती.

इरफान म्हणाला, “लढायचं. म्या बघतो कसा घेतो नाव.”

“कशावर लढतो?” खाला म्हणाली. “जजसायबाला जाऊन काय सांगू? साहेब, मी खाला हाय? त्यो म्हणंल, कुणाची?”

“सगळ्या भोरची!”

“मंग सगळ्या भोरला घिऊन जा यस्टीत बसवून.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “मला येक सांग मॅडम. आता पोरांनी दारातनं खाला म्हनून हाक मारली, तर गुन्हा व्हईल का?”

“नाही खाला. फक्त पाकिटावर लिहायचं नाही.”

“मंग नगं लिवू. शेवया त्याच हायत.”

मला ते पटलं नव्हतं, पण दुसरा मार्गही दिसत नव्हता. दुकानाच्या खरेदीवाल्यानं सांगितलं, नाव बदला आणि माल आणा. आम्ही ‘नीराकाठ शेवया’ हे नाव काढलं. या वेळी मी प्रत्येक स्पेलिंगनं शोध घेतला. नाव मोकळं होतं. नवी पाकिटं छापली, जुनी बंबात गेली.

ईदच्या आधी माल पुण्याला पोचला. ईद झाली आणि दुकानाचा फोन आला, माल परत घेऊन जा. इरफानबरोबर मीही गेले. फळीवर शेठची हिरवी ‘खाला’ जवळजवळ संपली होती. शेजारी आमची ‘नीराकाठ’ तशीच रचलेली होती.

“का नाही चालल्या?” मी तिथल्या मुलीला विचारलं.

“लोक बघतात, मॅडम. पण शेजारी ठेवल्यात ना. म्हणतात, ही खालाची नक्कल आहे.”

इरफाननं खोकी उचलून टेम्पोत ठेवली. येताना खेड शिवापूरजवळ तो म्हणाला, “अम्मीला हे सांगू नका.”

मी सांगितलं नाही. पण खालाला ते कळलंच. गावात अशी गोष्ट लपत नाही. ती एवढंच म्हणाली, “पाकीट वाचणाऱ्याचं काय चुकलं?”

इरफान पुन्हा त्याच कंपनीत लागला, या वेळी ठेकेदाराकडे. पगार आधीपेक्षा कमी. खाला अजून शेवया वळते. ओळखीचे लोक घरी येऊन घेऊन जातात.

त्यानंतर माझ्या वर्गाचा पहिला तास बदलला. परदेशी विद्यापीठांचे धडे आता शेवटी. आधी सगळ्यांना ट्रेडमार्क शोधायला बसवते. मुख्य शब्द तेवढा टाका, दोन-चार स्पेलिंगनं टाका, आणि लोक तुम्हाला ज्या नावानं हाक मारतात ते आज एका तरी बिलावर लिहा. दर आठवड्याला मी जर्नल उघडते आणि तिसाव्या वर्गाची पानं बघते. भोरमधलं दुसरं कुठलं नाव कुणी उचललेलं अजून त्यात दिसलेलं नाही.

शोध फुकट असतो. पाकीट छापून झाल्यावरही तो फुकटच असतो, पण तेव्हा त्यातून एवढंच कळतं, की आपलं काय गेलं आणि कुणाकडे गेलं.