सुपडू मिस्तरीच्या पट्ट्या

माझी आई, पार्वताबाई, खैरपाणीच्या दवाखान्यात नर्स होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव. बहात्तर-त्र्याहत्तर साली तिथे होतं काय, तर जंगल खात्याचा लाकडांचा डेपो, दोन आरा मशिनी, चहाच्या टपऱ्या आणि लाकूडतोड्यांच्या झोपड्या. दवाखाना दोन खोल्यांचा, पत्र्याचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा शिरपूरहून यायचे. उरलेले पाच दिवस आईच सगळं बघायची.

सुपडू मिस्तरी आरा मशीनवर सुतारकाम करायचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर याला सुपात घातलं होतं, त्यावरून हे नाव. पटाशी लागून अंगठा फाटला तेव्हा तो पहिल्यांदा दवाखान्यात आला. आई एका पोरीच्या मोडलेल्या हाताला पुठ्ठा बांधत होती. आपला अंगठा धरून तो ते बघत राहिला.

"अक्का, हाऊ पुठ्ठा शे. घामवरी ओला हुई जाई, मंग?"

"दुसरं काय आहे माझ्याकडे, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार पट्ट्या घेऊन आला. हेदूच्या लाकडाच्या, रंधा मारून इतक्या गुळगुळीत केलेल्या की मी त्या गालाला लावून बघितल्या. सागाचं कूस निघून कातडीत शिरतं, हेदूचं निघत नाही, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. कडा गोल केलेल्या, मनगटापाशी किंचित खोलगट.

तेव्हापासून कुणाचं हाड मोडलं की आई मला पिटाळायची, "जा, सुपडूमामाला बोलाव." मामा आधी चांगल्या पायाचं माप घ्यायचा. मोडलेला पाय सुजलेला असतो, तो खोटं माप देतो, म्हणायचा. पण माणसाला हात लावायची त्याला भारी भीती. पट्टी आईच्या हातात द्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

"मना हात लाकूडवर चालतस, मानूसवर नही."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात डेपोत ट्रक भरताना एक ओंडका घसरला आणि भायला पावरा या लाकूडतोड्याच्या मांडीवरून गेला. सकाळचे अकरा वाजले असतील. डॉक्टरांचा दिवस नव्हता. भायलाच्या ओरडण्याने मी दवाखान्यामागच्या आमच्या खोलीत कानात बोटं घातली. आई म्हणाली, याला धुळ्यालाच न्यायला हवं, पण तो रस्ता आणि तो ट्रक! हाडाचं टोक आतून शीर फाडेल.

मामाने काखेपासून टाचेपर्यंत पोचेल अशी फळी बनवायला घेतली. आरा मशीन बंद करून मालकासकट सगळे भोवती उभे राहिले. तासाभरात फळी झाली. बांधायची वेळ आली तेव्हा आईला दोन हात पुरेनात.

"सुपडूभाऊ, आता भिंतीकडे बघून चालायचं नाही. पाय धरा. मी सांगते तसा ओढा."

त्याने धरला. त्याच्या कपाळावरून घाम भायलाच्या अंगावर टपकत होता, पण हात हलला नाही. मग ट्रकमध्ये भुशाची पोती रचली, त्यावर भायलाला निजवलं, आणि आई व मामा दोन्ही बाजूंना बसून त्याला धुळ्यापर्यंत घेऊन गेले. तापीच्या पुलावर गाडी थांबवून आईने त्याच्या पायाची बोटं गरम आहेत का, ते बघितलं. गरम होती.

पाय वाचला. जरा आखूड राहिला, पण भायला पुढे वीस वर्षं जंगलात हिंडला.

धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी ती फळी उलटसुलट करून बघितली आणि मामाला तिथेच राहा म्हणाले, पगारावर. आईनेही समजावलं. मामाचं एकच, "माले तठे करमाव नही."

दोन वर्षांनी त्याची धाकटी मुलगी तापाने गेली. आईने औषध दिलं, डॉक्टरही आले, पण तीन दिवसांत सगळं संपलं. मामा आमच्या पायरीवर बसून म्हणाला, "हाड मोडनं तं काही करता येस, अक्का." आई त्याच्याजवळ बसून राहिली. महिनाभराने तो पुन्हा पट्ट्या घेऊन आला, या वेळी लहान मुलांच्या मापाच्या.

पुढे जंगलतोड बंद झाली, डेपो उठला, आरा मशिनी गेल्या. आईची बदली बोदवडला झाली. आता ती नाही. मी धुळ्यात शाळेत शिकवून निवृत्त झाले.

गेल्या दिवाळीनंतर मामाच्या नातवाचा, भूषणचा, फोन आला. ब्याऐंशी वर्षांचा मामा अंगणात पडला होता, मनगट मोडलं होतं. भूषण त्याला धुळ्याला घेऊन आला आणि मीच त्याला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि निळं, हलकं, नव्या तऱ्हेचं प्लास्टर घातलं. मामाने ते बोटाने वाजवून बघितलं.

"हाई कसानं शे, बेटा?"

त्यांनी सांगितलं. मामाला ते कळलं नसावं, तरी मान डोलावली. मग मी त्यांना मामा कोण ते, भायलाच्या फळीसकट, सांगायला लागले. बाहेर रांग होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, मांडीची फळी काखेपर्यंत का घ्यायची, कुणी शिकवलं तुम्हाला?"

मामा लाजला. "कोनी नही. दार झुलाले नको तं बिजागरी वर-खाले दोन्हीकडे धरनी पडस. मांडीनं बी तसंच, कंबर आनि गुडघा दोन्ही."

त्या हसल्या, आणि त्याला आधार देत स्वतः दारापर्यंत आल्या.