खाडीकाठचा मोहितो

भाऊ बोटीवर नोकरीला गेला तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नसत. पेणजवळच्या आमच्या गावी बाबांचा जन्म मिठागरात गेला. पोरानंही तिथंच मीठ ओढावं, हा त्यांचा हट्ट. भाऊ सुट्टीवर आला म्हणून मीही अष्टमीच्या सासरहून माहेरी आले, तर मला दुभाष्याचं काम लागलं. "त्याला इचार, जेवला का." तो समोरच बसलेला! एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. सोमवारी तो परत जाणार होता. असाच अबोल्यात गेला तर, हा घोर मात्र माझ्या एकटीच्या जिवाला.

शनिवारी दुपारी त्यानं मोहितो करायला घेतला. त्याची बोट साखर भरायला क्युबाला जाई, तिथं हवानात तो शिकला. बर्फ कोळणीकडचा, म्हणून आधी खळखळून धुतला. पेल्यात साखर, लिंबू, पुदिना. पानं वाटायची नाहीत, वास सुटेपर्यंत नुसती दाबायची. मग रम, बर्फ, वरून सोडा. एवढं होईतो मी चारही पेल्यांत चिमूट चिमूट मीठ टाकून मोकळी. आमच्याकडे लिंबू पिळलं की हात मिठाकडे जातोच.

"काय केलंस गो!" तो ओरडला.

"त्याला सांग," बाबा मला म्हणाले, "मिठाबिगर लिंबू आजारी मानूस पन पीत नाय."

आईनं नुसता वास घेतला. आम्ही ओटीवर बसून प्यायलो. बाहेर ओहोटी लागली होती, मिठागरं उन्हात पांढरी पडली होती आणि पुदिन्याच्या वासात सगळी दुपार तरंगत होती. भाऊ सांगत होता. हे पेय आलं कुठून, नक्की कुणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं, आजारी खलाशांचं औषध. कोणी म्हणतं, उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांचं. माझे डोळे मिटत होते. आमच्या खाडीवरच ऊस सळसळतोय असं वाटत होतं.

"त्या गुलामांची पोरा मोठी झाल्यावं कुठं जात व्हती?" बाबांनी विचारलं.

भाऊ सवयीनं माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड उघडलं नाही. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"कुठंच नाय, बाबा," तो चाचरत म्हणाला. "त्याच मळ्यात."

बाबांनी एकदा मिठागराकडे पाहिलं.

"मंग तू गेलास ता बरा केलास," ते म्हणाले.

मी बर्फ आणायचं निमित्त करून आत गेले आणि पोटभर रडले.