राजेंद्र नावाची माझी बहीण

माझी धाकटी बहीण सुनंदा एका दिवसात पाच फूट दहा इंच उंच झाली, वजनानं पंचाहत्तर किलो भरली आणि तिचं नाव राजेंद्र पडलं. हे सगळं इंटरनेटवर घडलं.

नागभीडला तेव्हा प्रकाशभाऊचा सायबर कॅफे नुकताच निघाला होता. तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा (तोही कॉम्प्युटरकडे तोंड करून!). सुनंदा धानोऱ्याला नर्स. तिचं लग्न जमवायचं काम घरात माझ्याकडे, कारण मी हायस्कुलात गणिताचा मास्तर, म्हणजे घरातला एकमेव हुशार माणूस. मी कॅफेत जाऊन लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर तिची माहिती भरली, फोटो चढवला, आमच्या घरचा फोन नंबर टाकला. शेवटी एक चौकोन आला : 'रिमेंबर मी'. मी लगेच टिक केलं. वर्गातली पोरं मला बघून रस्ता बदलतात. इथं कोणीतरी आपणहून लक्षात ठेवतो म्हणत होतं! मग फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत आमचे शेजारी गोमाजीभाऊ बसले. मच्छीमार सोसायटीतले मानाचे गृहस्थ. त्यांना आपल्या राजूसाठी मुलगी बघायची होती. त्यांनी तीच वेबसाइट उघडली, तर समोर भरलेला फॉर्म!

"मले वाटलं, नमुना भरून ठेवला हाये," असं ते नंतर म्हणाले.

त्यांनी नमुना 'दुरुस्त' केला. नाव राजेंद्र. उंची, वजन राजूचं. छंद : तलावात जाळं टाकणे. राजूचा फोटो जवळ नव्हता, म्हणून ते फोटोच्या पानावर गेलेच नाहीत आणि सुनंदाचाच राहिला. वर 'वधू' लिहिलेलं त्यांनी पाहिलंच नाही. फोन नंबर मात्र मुद्दाम ठेवला, कारण त्यांचे फोन एरवीही आमच्याच घरी यायचे!

चार दिवसांनी फोन आला. "राजेंद्रच्या घरचे का?" मी गोमाजीभाऊंना हाक मारली. ते फोनमध्ये ओरडले, "या, या! रविवारी या!"

रविवारी त्यांच्या दारात जीप थांबली. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी शेजारधर्म म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पोहे झाले, चहा झाला. मग सगळे दाराकडे बघू लागले.

"मंग, पोरगी आना नं," मामा म्हणाले.

"आना नं!" गोमाजीभाऊ म्हणाले. "आमी तिचीच वाट पाहून राह्यलो. जीपमधी बसवून ठेवली का?"

"आमी काऊन आनू? पोरगी तुमची!"

"माही? मले तं एकच पोरगा हाये!"

मामा लाल झाले. त्यांनी खिशातून कागद काढून समोर आपटला. वर माझ्या बहिणीचा फोटो, खाली राजेंद्र!

"मंग हे कोन हाये?" मामा कडाडले. "नाव चुकलं असंल मनलं. पन पोरगी धट्टीकट्टी दिसते, मनून इतक्या दूर आलो!"

नेमकी तेव्हाच सुटीवर आलेली सुनंदा आमच्या घरून जादा कप घेऊन आत आली. मुलानं कागद पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मग घाबरत विचारलं, "तुमी... जाळं टाकता का?"

सुनंदानं कागद ओढून घेतला. वाचला. मग माझ्याकडे वळली.

"दादा! पंचाहत्तर किलो?"

मामा म्हणाले, ही फसवणूक आहे. मुलाची आई चपला उलट्या घालून निघाली. गोमाजीभाऊ माझ्यावर धावून आले, "गुरुजी, माह्या पोराच्या नावावर तुमच्या बहिनीचा फोटो काऊन लावला?" मग मीही पेटलो. हे सगळं त्या प्रकाशचं काम! मी, गोमाजीभाऊ आणि सुनंदा तडक कॅफेत गेलो.

मी नववी 'ब'ला वापरतो त्या आवाजात ओरडलो. प्रकाशभाऊनं शांतपणे विचारलं, "गुरुजी, 'रिमेंबर मी'वर टिक केलं का?"

"केलं!"

"लॉगआउट केलं?"

"ते काय असते?"

"मंग बराबर हाये. वेबसाइट कॉम्प्युटरात एक चिठ्ठी ठेवून जाते, तिले कुकी मनतात. चिठ्ठी दिसली का तिले वाटते, तुमीच आले. खुर्चीत कोन बसला, ते तिले दिसत नाई. घरी ठीक हाये, पन इथी दिवसभर गावच बसते!"

"पुसून टाक ती चिठ्ठी!"

"मेनूत जाऊन साऱ्या कुकी पुसता येतात. पन गुरुजी, आधी—"

मी 'आधी' ऐकून घेणारा माणूस नाही. माउस हिसकावला आणि बटण दाबलं.

"आधी बाईचं नाव बदलवून घ्याचं होतं," प्रकाशभाऊ म्हणाला. "आता पासवर्ड लागंल."

पासवर्ड! मला काही केल्या आठवेना. सुनंदाचे डोळे माझ्या पाठीत इंजेक्शनसारखे घुसत होते. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी खाली एक प्रश्न होता, त्याचं उत्तर मीच आधी देऊन ठेवलेलं : 'तुमची सर्वांत आवडती व्यक्ती कोण?'

मी बायकोचं नाव टाकलं. चूक. आईचं टाकलं. चूक. सुनंदाचा चेहरा जरा मवाळ झाला. तिनं स्वतःचं टाकलं. चूक!

मग ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली, मला ढकलून पुढे झाली आणि खाडखाड काहीतरी टाइप केलं. खातं उघडलं.

"कोनाचं नाव टाकलं वं?" गोमाजीभाऊंनी वाकून विचारलं.

"दादाचंच," सुनंदा म्हणाली. "पुढं 'सर' लावलं, तवा उघडलं."